अठ्ठावन्न तक्ते

गेल्या महिन्यात जुन्या फायली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचे कंटाळवाणे काम माझ्या वाट्याला आले. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचा सगळा पसारा एका सामाईक फोल्डरमध्ये साचलेला होता, आणि त्यातले काय ठेवायचे व काय टाकायचे हे सांगू शकतील अशी माणसे आता आम्ही दोघेच उरलो आहोत. अर्धवट सोडलेली सादरीकरणे, कोणीही शेवटपर्यंत न वाचलेले करारांचे मसुदे, बोधचिन्हाचे डझनभर नमुने, असे एकेक निकालात काढत असताना भागीदाराच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर सापडला. त्याचे नाव ‘सकाळचे’ असे होते. आत एक्सेलचे ५८ तक्ते होते आणि प्रत्येकाच्या नावात एकेक तारीख होती. जतन केल्याच्या वेळा पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या पहाटे पाच ते सहाच्या दरम्यानच्या. मी पहिला तक्ता उघडला, मग दहावा, मग तिसावा, आणि हे काय आहे ते लक्षात आल्यावर खुर्चीत मागे टेकून बराच वेळ नुसती पडद्याकडे पाहत राहिले.

आमचा पहिला ग्राहक बांधकामाची यंत्रे भाड्याने देण्याचा व्यवसाय करत असे. जनरेटर, काँक्रीट मिक्सर, पाण्याचे पंप, परांचीचे सांगाडे असे दोनेकशे नग त्याच्याकडे होते आणि ते कायम कुठल्या ना कुठल्या कामावर विखुरलेले असत. त्याला रोज सकाळी सातच्या आत एकच कागद हवा होता: कोणते यंत्र कुठल्या साइटवर आहे, केव्हापासून आहे आणि परत केव्हा येणार आहे. हा अहवाल आपोआप तयार करणारी प्रणाली मी अकरा आठवडे लिहीत होते. ‘ग्राहक तोवर कसेबसे भागवून घेईल, तू तुझे कर,’ एवढेच भागीदाराने मला सांगितले होते आणि मीही खोदून विचारले नव्हते. प्रत्यक्षात ग्राहक काहीच भागवून घेत नव्हता. माझा भागीदार पहाटे उठत होता, साइटवरच्या मुकादमांनी रात्री पाठवलेले संदेश एकामागून एक वाचत होता, हाताने तक्ता भरत होता आणि तो ग्राहकाला पाठवून मग दिवसभराच्या भेटीगाठींना निघत होता.

अकरा आठवडे हे चालले होते, आणि मला त्यातले एक अक्षर ठाऊक नव्हते.

पहिल्यांदा मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. आपल्यापासून काहीतरी लपवले गेले, या भावनेचा तो राग होता. मग लाज वाटली, कारण जे काम मी ‘अजून तयार नाही’ म्हणून सांगत होते ते एक माणूस दात घासण्याआधी उरकत होता. त्यानंतर कृतज्ञतेसारखे काहीतरी आले, पण तेही निर्भेळ नव्हते. त्याच्या या पहाटेच्या कष्टांमुळेच मला अकरा आठवड्यांची निवांतपणाची चैन परवडली होती, आणि ती चैन मी ज्या गोष्टीवर खर्च केली ती आठवल्यावर पुन्हा लाज वाटली.

त्या अकरा आठवड्यांत मी काय बांधत होते? कोणत्याही ग्राहकाला स्वतःच्या अहवालाचा साचा स्वतः आखता येईल, हजारो अहवाल एकाच वेळी रांगेत उभे राहिले तरी रांग तुंबणार नाही, एखादा फसला तर तो आपोआप पुन्हा प्रयत्न करील, मधेच सर्व्हर बंद पडला तर जिथे थांबला तिथून पुढे चालू होईल, अशी ती व्यवस्था होती. ती सुंदर होती, आणि हे मी आजही म्हणेन. तेव्हा आमच्याकडे ग्राहक एक होता, त्याला हवा असलेला अहवाल एक होता आणि तो रोज एकदाच निघायचा होता. बाजारात तुरी म्हणतात ते याहून वेगळे नसावे. भागीदार अधूनमधून ‘कुठवर आले?’ असे विचारायचा आणि मी ‘पाया घालते आहे’ असे उत्तर द्यायचे. पाया हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. त्याच्याविरुद्ध कोणालाच काही बोलता येत नाही, कारण पाया कच्चा ठेवा असे कोण म्हणेल? इमारतीत काय आधी आणि काय नंतर हे हजारो वर्षांच्या अनुभवाने ठरलेले असते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण ज्याला पाया म्हणून कुरवाळत बसतो ते पुष्कळदा खोलीतले कपाट निघते, दोघांनी उचलून दुसऱ्या भिंतीला लावता येण्यासारखे. आणि किरकोळ म्हणून ज्याकडे डोळेझाक केली तो एखादा कॉलम खरा पाया असतो. हे आधी ओळखायचे कसे, याचे पक्के उत्तर अजून मला सापडलेले नाही, परंतु तेव्हा मी हा प्रश्नही स्वतःला विचारला नव्हता.

माझ्या वागण्याला कारण होते, आणि ते तंत्राहून जास्त मनाशी संबंधित होते. या उद्योगात उतरण्याआधी मी एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. तिथली एक प्रणाली भार वाढला की कोसळायची आणि ती सावरण्याची पाळी महिन्यातून एक आठवडा माझ्याकडे असायची. उशीपाशी ठेवलेला फोन अपरात्री वाजायचा, अंधारात चाचपडत लॅपटॉप उघडायचा, डोळ्यांवर तो पांढरा उजेड आणि कानात तीन वेगवेगळ्या शहरांतल्या वैतागलेल्या माणसांचे आवाज. ती भीती अंगात इतकी मुरली होती की, स्वतःची कंपनी काढल्यावर मी पहिली तटबंदी त्याच शत्रूविरुद्ध उभारली. तो शत्रू आमच्या वाटेवर कुठेच नव्हता. आमच्या दारात निराळाच उभा होता: चार महिन्यांत संपणारे पैसे, आणि आपण जे बनवतो आहोत ते कोणाला हवे आहे की नाही याबद्दलचे अज्ञान.

त्या काळात आम्ही दोघेही एकमेकांच्या अंगावर इतरांच्या कहाण्या फेकत असू. त्याची आवडती कहाणी झॅपोसची होती. १९९९ साली निक स्विनमर्नने इंटरनेटवर बूट विकण्याची कल्पना काढली तेव्हा त्याच्याकडे ना गोदाम होते ना माल. त्याने जवळच्या दुकानांतल्या बुटांची छायाचित्रे काढून संकेतस्थळावर टाकली, आणि मागणी आली की त्याच दुकानात जाऊन, बूट विकत घेऊन, ते ग्राहकाला धाडून द्यायचे असा क्रम ठेवला. ‘बघ, आधी माणसे न पाहता बूट घेतात का एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते,’ असे भागीदार म्हणायचा. मी त्यावर फ्रेंडस्टर काढायचे. समाजमाध्यमांच्या त्या आद्य प्रयोगाकडे लोंढेच्या लोंढे आले होते, पण कोण कोणाच्या ओळखीतून कोणाला ओळखतो हे प्रत्येक वेळी मोजता मोजता सर्व्हर मेटाकुटीला यायचे. पान उघडण्याची वाट पाहून थकलेली माणसे शेवटी दुसरीकडे गेली. मग तो इन्स्टाग्राम पुढे करायचा: ६ ऑक्टोबर २०१० या पहिल्याच दिवशी २५ हजार माणसे आली, सगळा डोलारा एका सर्व्हरवर होता, आणि त्याच्यावरच्या ताणाचे एक कारण काय निघाले, तर ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे इवलेसे चिन्ह ठेवायचे राहून गेल्यामुळे दर वेळी होणारी चूक. तरीही ते तगले. आज मागे पाहताना वाटते की, या कहाण्यांनी आम्हा दोघांनाही काही शिकवले नाही. प्रत्येकाने आपल्याला सोयीची तेवढी उचलली होती. इन्स्टाग्रामच्या आधी त्याच्या संस्थापकांनी बर्बन नावाचे बऱ्याच सोयींनी गजबजलेले अ‍ॅप केले होते आणि त्यातले छायाचित्रे, प्रतिक्रिया व पसंती एवढेच ठेवून बाकीचे टाकून दिले, हा त्या कहाणीतला माझ्या उपयोगाचा भाग मात्र आमच्या भांडणात कधीच आला नाही.

संगणकाच्या प्रांतातले एक वाक्य येता-जाता फेकले जाते: अकाली केलेली सुधारणा हे सगळ्या अनर्थांचे मूळ आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी ते १९७४ सालच्या एका निबंधात लिहिले. ते मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते, त्याच्या शेजारची वाक्ये मात्र फार उशिरा वाचली. साधारण ९७ टक्के वेळा बारीकसारीक कार्यक्षमतेचा विचार सोडून द्यावा, असे ते म्हणतात. पण लगेच पुढे, उरलेल्या ३ टक्क्यांतली संधी मात्र दवडू नये, असेही सांगतात. कनुथ यांचा विषय प्रोग्रॅमच्या वेगाचा होता, कंपनी चालवण्याचा नव्हता. तरी माझ्यासारखी माणसे नेमके उलटे करतात असे मला दिसते. सत्त्याण्णवांवर प्राण पणाला लावतात आणि तिनांच्या वेळी दमलेली असतात.

दमलेली, हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले नाही.

त्याआधी आमच्या बोलण्याच्या रीतीविषयी थोडे सांगायला हवे, कारण अशा कंपनीत निर्णय बैठकीत होत नाहीत, ते चहाचा कप हातात असताना दोन वाक्यांत होतात. त्याने एखादी गोष्ट मागितली आणि ती मला रुचली नाही की मी म्हणायचे, ‘तांत्रिकदृष्ट्या ते शक्य नाही.’ बहुतेक वेळा ते शक्य असायचे. मला ते कुरूप वाटायचे, इतकेच. पण कुरूप म्हटले असते तर चर्चा झाली असती, अशक्य म्हटले की विषय संपायचा. त्याचीही स्वतःची एक ढाल होती: ‘ग्राहकाची मागणी आहे.’ पुष्कळदा ग्राहकाने मागणी केलेली नसायची. भेटीत बोलता बोलता यानेच कबूल करून टाकलेले असायचे आणि आता शब्द पाळण्याची वेळ आलेली असायची. दोघांनाही समोरच्याच्या क्षेत्रातले कळत नव्हते, आणि त्या न कळण्याचा आडोसा आम्ही दोघेही घेत होतो. वरून पाहणाऱ्याला हा तंत्र आणि धंदा यांतला झगडा दिसला असता. आतून तो दोन घाबरलेल्या माणसांचा होता. मी कोसळण्याला घाबरत होते, तो विसरले जाण्याला. कोणाची भीती त्या आठवड्यात मोठी, यावर त्या आठवड्याचे काम ठरायचे.

एक वाक्य तेव्हा आम्हाला सुचले असते तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. ‘होईल का?’ याऐवजी त्याने ‘हे केले तर काय राहील?’ असे विचारायला हवे होते. आणि मी ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘दोन दिवसांत होईल, पण पुढे जाऊन अमुक ठिकाणी अडेल,’ असे म्हणायला हवे होते. हे आज आम्ही करतो. पण आज बँकेत पैसे आहेत, आणि पैसे असले की माणसाच्या अंगी बराच समंजसपणा येतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे तेव्हा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होते, कारण बँकेचे पासबुक त्याच्या टेबलाच्या खणात होते.

तांत्रिक कर्ज ही कल्पना आता सगळ्यांच्या तोंडी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९२ साली, वायकॅश नावाच्या गुंतवणुकीचे हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी लिहिताना, पहिल्यांदाच लिहिलेला कोड ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे कर्ज काढण्यासारखे आहे असे म्हटले. वेळेवर फेडत गेले तर थोडे कर्ज वाढीला मदत करते, फेडले नाही तर व्याज सगळे गिळून टाकते. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच स्पष्ट केले की, वाईट कोड लिहावा असे त्यांना कधीच सुचवायचे नव्हते. आज विषय जितका समजला आहे तितका स्वच्छपणे लिहावा, आणि समज वाढेल तसा कोड बदलत न्यावा, असा त्यांचा आशय होता. आपण मात्र ऋण काढून सण करतो आणि वर त्यांचे नाव सांगतो. हिशेब सांभाळणाऱ्यांमध्ये वावरल्यामुळे मला या उपमेतली एक गंमत नंतर जाणवली. हे कर्ज विलक्षण आहे. ज्या कोडला पुन्हा कधी हात लावावा लागत नाही त्याचे व्याज भरावे लागत नाही, आणि कंपनीच बुडाली तर वसुलीला कोणीच येत नाही. ज्या कंपनीला चार महिन्यांनी आपण असू की नसू याची खात्री नाही, तिने असे कर्ज हात आखडता घेऊन काढावे यात काही शहाणपण नाही. माझी ती सुंदर रांग म्हणजे न घेतलेल्या कर्जाची आगाऊ परतफेड होती.

पण सगळ्याच उधाऱ्या फेडता येण्यासारख्या नसतात.

अहवालाची प्रणाली सुरू व्हायच्या आधीचा शुक्रवार मला स्पष्ट आठवतो. सोमवारी सकाळचा पहिला आपोआप निघणारा अहवाल जाईल, असे भागीदाराने ग्राहकाला सांगून टाकले होते. डेटाबेसमध्ये यंत्रांचे एक टेबल होते, प्रत्येक यंत्राला एक ओळ, आणि त्या ओळीत ‘सध्याची साइट’ असा एक कॉलम. यंत्र हलले की त्या जागी नव्या साइटचे नाव यायचे आणि जुने पुसले जायचे. हे बरोबर नाही, हे मला त्याच दुपारी दिसले होते. हालचालींचे वेगळे टेबल हवे होते: यंत्र कोणते, कुठून कुठे गेले, केव्हा गेले, प्रत्येक हालचालीला नवी ओळ, जुने काहीही न पुसता. माझ्या वहीत त्याचा अंदाजही लिहिलेला आहे, ‘दीड दिवस’. मी त्याला सांगितले. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात गाडीची किल्ली होती.

‘याने सोमवारी ग्राहकाला काही वेगळे दिसणार आहे का?’ त्याने विचारले.

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग?’

‘मग राहू दे.’

हे एवढेच संभाषण झाले. त्याने जबरदस्ती केली नाही. मी आणखी एक मिनिट बोलले असते, जुने पुसले तर ते पुन्हा कधीच मिळणार नाही एवढे एक वाक्य म्हटले असते, तर तो थांबला असता असे मला आज वाटते. त्याला ‘पुन्हा कधीच नाही’ ही भाषा कळते. पण अकरा आठवडे रांगेसाठी, साच्यांसाठी, आपोआप पुन्हा प्रयत्न करण्यासाठी मी इतकी भांडले होते की, आणखी एका दीड दिवसासाठी तोंड उघडण्याची मला लाज वाटली. हट्टाचाही एक साठा असतो. माझा मी कपाटावर संपवला होता.

त्यानंतर अकरा महिन्यांनी ग्राहकाचा फोन आला. त्याच्याकडून पाण्याचा पंप भाड्याने घेणाऱ्या एका कंत्राटदाराने बिल अडवून धरले होते. आमच्या ग्राहकाच्या मते पंप त्याच्या साइटवर १९ दिवस होता, कंत्राटदाराच्या मते ८ दिवस. ‘अमुक तारखेला पंप कुठे होता, तेवढे काढून द्या,’ असे त्याने अगदी सहज सांगितले, रोजमेळ उघडून मागचे पान दाखवा म्हणावे तसे. आमच्या पडद्यावर पंप आत्ता कुठे आहे एवढेच दिसत होते. बॅकअप आम्ही सात दिवसांचेच ठेवत होतो, जागेचे पैसे वाचवण्यासाठी. सर्व्हरच्या नोंदी ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जात. दोन दिवस मी त्या नोंदींच्या उकिरड्यात काहीतरी हाताला लागेल म्हणून उकरत राहिले आणि शेवटी मीच त्याला फोन केला. तो चिडला असता तर बरे झाले असते. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘मॅडम, मला वाटले होते, तुमच्याकडे सगळे लिहिलेले असते.’

त्या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. नोंद ठेवणे हाच आमचा व्यवसाय होता. बाकीचे सगळे, ती रांग, ते साचे, पडद्यावरचे रंग, हा त्या नोंदीभोवतीचा जामानिमा होता.

पुढचे थोडक्यात सांगते. हालचालींचे टेबल नंतर केले. दीड दिवसाचे ते काम तेव्हा सहा आठवड्यांचे झाले होते, कारण तोवर सगळे पडदे आणि सगळे अहवाल ‘यंत्राला साइट एकच’ हे गृहीत धरून लिहिले गेले होते. मध्ये एकदा मला सगळेच टाकून नव्याने लिहिण्याची उबळ आली. भागीदाराने तेव्हा फक्त नेटस्केपचे नाव घेतले. त्यांनी ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला, आवृत्ती ५ कधी बाहेर आलीच नाही, २००० साली थेट ६ आली, आणि तोवर लोक दुसऱ्या ब्राउझरकडे निघून गेले होते. या वेळी मी उलट कहाणी काढली नाही.

अ‍ॅमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात जेफ बेझोस यांनी निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत: काही दरवाजे एकाच बाजूने उघडतात, एकदा पलीकडे गेले की परतता येत नाही, बहुतेक मात्र दोन्हीकडून उघडतात, आवडले नाही तर मागे यावे. हे वाचताना फार सोपे वाटते. अडचण अशी आहे की, दरवाजावर तसे लिहिलेले नसते. हजारो अहवालांची रांग मला परतीचा मार्ग नसलेल्या दरवाजासारखी भासली होती, कारण ती मोठी होती, अवघड होती, तिला नाव होते. एक कॉलम मात्र कॉलमच वाटला. आता एखादा निर्णय समोर आला की, मी त्याचा आकार पाहत नाही, त्याने काही पुसले जाते आहे का तेवढे विचारते. कोड बदलता येतो, भाषा बदलता येते, सर्व्हर बदलता येतो, दर आकारण्याची पद्धतही चार ग्राहकांची समजूत काढून बदलता येते. ग्राहकाला दिलेला शब्द, आणि जी नोंद केलीच नाही ती नोंद, या दोन गोष्टी बदलता येत नाहीत असे माझ्या अनुभवास आले. त्यांतली पहिली भागीदाराच्या हातात होती आणि दुसरी माझ्या.

तर, ‘सकाळचे’. त्या फोल्डरविषयी मी भागीदाराला विचारले. तो आधी ओशाळला, मग हसला. ‘तुला सांगितले असते तर तू काम सोडून माझ्यासाठी काहीतरी तात्पुरते लिहीत बसली असतीस. तुझा पाया राहिला असता,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागले. तो माझ्या पायावर माझ्याइतकाच विश्वास ठेवून होता. मी म्हणाले की, तात्पुरते लिहिले असते तर ते दोन दिवसांचे काम होते आणि त्याची अकरा आठवड्यांची झोप वाचली असती. त्यावर तो गप्प झाला. त्याने मला विचारले नाही, मी त्याला विचारले नाही, आणि दोघांनीही हे एकमेकांच्या भल्यासाठी केले होते.

त्या रात्री मी ते तक्ते क्रमाने उघडून पाहिले. पहिल्यात नऊ कॉलम आहेत, मी आखून दिलेले. बाराव्यापासून कमी होऊ लागतात. विसाव्यात सहा उरतात आणि एक नवा येतो: ‘चालक बरोबर आहे का’. एकतिसाव्यापासून ज्या यंत्रांची परतीची तारीख उलटून गेली आहे त्या ओळी लाल रंगात सर्वांत वर येतात; ग्राहक सकाळी फक्त त्या लाल ओळी पाहतो आणि कागद खिशात घालतो, असे भागीदाराला केव्हातरी कळले असणार. माझी प्रणाली सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ग्राहकाने नेमक्या याच लाल ओळी मागितल्या होत्या, आणि माझ्या साच्यांमध्ये ओळींचा क्रम असा बदलता येत नसल्याने त्याला तीन आठवडे लागले होते. आम्हाला काय बनवायचे आहे ते रोज पहाटे कोणीतरी लिहून ठेवत होते, माझ्यापासून दोन फोल्डरांच्या अंतरावर.

पण मला झोप लागली नाही ती यामुळे नव्हे. ५८ तक्ते का, हा प्रश्न मला उशिरा पडला. एकच तक्ता रोज बदलत गेला असता तरी चालले असते, ग्राहकाला तेवढेच हवे होते. सकाळी मी भागीदाराला पुन्हा फोन करून हे विचारले. तो म्हणाला, ‘कालचा बिघडेल अशी भीती वाटायची. मला कुठे तुझ्यासारखे येते सगळे? म्हणून रोज नवीन नावाने ठेवायचो.’

मी शेवटचा तक्ता पुन्हा उघडला. ओळ ४१ मध्ये पाण्याचा तो पंप आहे, साइटचे नाव आहे, नेल्याची तारीख आहे, परत येण्याची तारीख आहे. अकरा आठवड्यांतल्या कुठल्याही दिवशी तो कुठे होता ते मी आजही सांगू शकते. तक्त्याच्या तळाशी, सगळ्या ओळींच्या खाली, भागीदाराने स्वतःसाठी एक टीप लिहिलेली आहे: ‘उद्यापासून सिस्टिम. हे बंद.’ त्या पंपाची आमच्याकडची पुढची नोंद हालचालींच्या टेबलात आहे, जवळपास तेरा महिन्यांनंतरची.